मुक्कामी गाडी

बेळंगीची दुपार मी अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

सोलापूरहून आमची गाडी पोचते रात्री पावणेनऊला,
निघते सहाला, झुंजूमुंजू व्हायच्या आत.
मधलं तेवढंच गाव माझ्या वाट्याचं:
शाळेच्या भिंतीला खेटून लावलेली गाडी,
मागच्या चाकाला तांबोळी ड्रायव्हरचा ठरलेला धोंडा,
पंचायतीच्या खोलीत दोन सतरंज्या, एक उंदीर,
आणि खुंटीला कुठल्याशा सरपंचाची
सत्कारातली शाल, नारळ कधीच संपलेला.

माणसं मला आवाजावरून ठाऊक.
गुरसिद्धप्पा म्हणजे आधी खोकला,
मग विडीचा लाल ठिपका,
मग सुटे नसल्याची तक्रार.
कॉलेजच्या पोरी म्हणजे ओल्या वेण्यांचं खोबरेल
आणि पुटपुटत पाठ केलेल्या सनावळ्या.
किटल्या आदळल्या की समजायचं, म्हाळप्पा आला,
दूध आलं, आता गाडी वेळेवर सुटत नाही.

आणि भौरम्मा. ती कधीच चढत नाही.
खिडकीतून नुसता हात येतो,
चार हिरव्या बांगड्या, मागोमाग दोन कप्प्यांचा डबा.
"स्टँडवर इरण्णा येतोय."
अकरा वर्षांत एवढंच बोलणं.
इरण्णा येतो, डबा घेतो,
संध्याकाळी रिकामा आणून देतो.
डब्याचं तिकीट मी कधी फाडलं नाही.
चेकरनं विचारलं तर म्हणायचं, माझाच आहे.

पौषात एका पहाटे पाटा तुटला.
तांबोळी गाडीखाली शिरला, बाहेर आला,
हात पुसत म्हणाला, "आज हितंच."
पोरी हिरमुसल्या, मग लगेच हसल्या.
म्हाळप्पा शिव्या देत मोटारसायकलला किटल्या बांधू लागला.
मी शर्ट धुऊन खिडकीच्या गजाला वाळत घातला
आणि बनियनवर गाव बघायला निघालो.

शाळेची भिंत पोपटी आहे.
इतकी वर्षं मी ती राखाडी धरून चाललो होतो.
तिच्यावर भारताचा नकाशा आहे, श्रीलंकेला पोपडा आलाय.
विहिरीत कासव आहे.
ज्याला मी देऊळ समजून रोज हात जोडायचो
ती पिठाची गिरणी निघाली.

आणि माणूस म्हणून कोणी नाही.
दारं नुसती कडी लावून.
अख्खं गाव ज्वारीत, कणसं हुरड्याला आलेली,
दूर माळ्यांवरून हो हो हो ऐकू येतं,
गोफण सुटते, पाखरं उठतात,
काळ्या रानावर सावलीची चादर झटकावी तशी,
आणि पलीकडच्याच्या पिकात जाऊन बसतात.
मग तिकडून हो हो हो.

गल्लीत एक बाई समोर आली.
"कुणाकडं आलाव?"
बांगड्यांवरून ओळखली. ती मात्र बघतच राहिली.
म्हटलं, "गाडीचा कंडक्टर मी."
"अगं बाई! दिवसा येगळंच दिसताव की."

डबा तसाच पुढच्या सीटवर होता.
तो घेऊन तिनं निंबाखाली बसवलं.
वरच्या कप्प्यात कडक भाकरी, वांगं.
खालचा उघडला: दोन भाकऱ्या, शेंगाचटणीचा गोळा,
कागदात बांधलेला कांदा.
"ह्यो तर तुमचाच. रोजचा."
मी गप्प.
"पोरगं देतंय न्हवं तुमाला?"

पाखरं पुन्हा उठली. तांबोळीनं माझ्याकडं पाहिलं.
"देतो की," मी म्हणालो. "रोज देतो.
चटणीत लसूण जरा जास्त असतो."
तिचा चेहरा असा उजळला, जणू मी पगारवाढ कळवली.
"मग बोलायचं न्हाई का," ती म्हणाली, "अकरा वर्सं?"

दुसऱ्या दिवशी स्टँडवर इरण्णा आला.
मी डबा दिला, हातात जरा जास्त वेळ धरून.
चांगला अंग धरलाय पोरगा.
त्याला काही बोललो नाही.

परवापासून चटणीत लसूण कमी आहे का,
तेवढं मात्र त्याला विचारायचं राहिलंय.